गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्यानंतरचे पहिले काही महिने

तुमचे वय ३२ आहे. लग्नानंतर साडेचार वर्षे तुम्ही इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन्ही संप्रेरके असलेली गोळी नियमित घेतली आणि मूल हवे म्हणून तीन महिन्यांपूर्वी ती बंद केली. बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी रक्तस्राव झाला, त्यानंतरची पाळी थेट ४६व्या दिवशी आली आणि आता ३९वा दिवस उजाडला तरी पुढची पाळी नाही. ३६व्या दिवशी घरी केलेली गर्भचाचणी निगेटिव्ह आली. केस गळत आहेत, हनुवटीवर मुरुमे उठली आहेत आणि मागची पाळी फार दुखून गेली. गोळी थांबवल्यावर तिसऱ्याच आठवड्यात केलेल्या एएमएच चाचणीचा, म्हणजे बीजांच्या साठ्याचा अंदाज घेणाऱ्या रक्तचाचणीचा, आकडा कमी आला म्हणून एका ठिकाणी तुम्हाला लगेच आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) सुचवण्यात आले आहे, तर इतकी वर्षे गोळ्या घेतल्यामुळे पिशवी कोरडी पडली असे सासूबाईंचे म्हणणे आहे. गोळ्यांनी शरीर बिघडले का आणि ते पूर्ववत व्हायला किती काळ लागतो, असे तुम्ही विचारले आहे.

गोळ्यांनी तुमचे शरीर बिघडलेले नाही. तुम्ही लिहिलेल्या बहुतेक गोष्टी या काळात नेहमी दिसणाऱ्या आहेत आणि त्यांतली एक तर चांगली बातमी आहे, जी तुम्ही आजार समजून लिहिली आहे. काळजीने पाहावी अशी गोष्ट एकच, ती म्हणजे पाळीतले दुखणे, आणि तिचा गोळ्यांशी संबंध तुम्हाला वाटतो त्याच्या उलट आहे. हे नीट कळण्यासाठी गोळी घेत असताना शरीरात काय चालले होते ते आधी पाहावे लागेल.

एरवी मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस ठरावीक अंतराने संप्रेरकाचे छोटे ठोके सोडतो, त्या ठोक्यांवर पिट्युटरी ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही संप्रेरके तयार करते आणि त्यांच्या आज्ञेने बीजकोशातले एक बीज पिकून बाहेर पडते, यालाच बीजमोचन म्हणतात. गोळीतली संप्रेरके रोज बाहेरून मिळत राहिल्यामुळे हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरी यांना काम करण्याचे कारण उरत नाही. बीज पिकत नाही, एलएचची उसळी येत नाही, बीजमोचन होत नाही. त्याचबरोबर गर्भाशयाचे अस्तर पातळ राहते आणि गर्भाशयाच्या मुखाजवळचा स्राव घट्ट राहून शुक्रजंतूंची वाट अडवतो. म्हणजे या काळात बीजकोश शांत असतो, पण त्यातला बीजांचा साठा गोळीमुळे संपतही नाही आणि वाढतही नाही. वयाप्रमाणे तो जसा कमी व्हायचा तसाच होत राहतो, आणि म्हणून गोळी घेतल्याने बीजे शिल्लक राहिली असतील असे समजून निर्धास्त राहणेही बरोबर नाही.

गोळीच्या पाकिटातल्या सात दिवसांच्या खंडात जो रक्तस्राव होतो तो पाळी नव्हे. सरकारी माला-एनमध्ये २१ गोळ्या संप्रेरकांच्या आणि सात लोहाच्या असतात. लोहाच्या गोळ्या चालू असताना संप्रेरके मिळत नाहीत, अस्तराचा आधार जातो आणि ते गळून पडते. आपल्याकडे गौरी-गणपतीत किंवा घरच्या लग्नकार्यात पाळी पुढे ढकलण्यासाठी नोरेथिस्टेरोनच्या गोळ्या घेतल्या जातात आणि त्या थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत रक्तस्राव सुरू होतो, हे बहुतेक स्त्रियांना अनुभवाने ठाऊक असते. यंत्रणा तीच. तेव्हा साडेचार वर्षे ‘घड्याळ लावावे तशी’ येणारी तुमची पाळी तुमच्या बीजकोशाची नव्हती, पाकिटाची होती, आणि गोळी बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी आलेला रक्तस्रावही त्याच जातीचा होता. तुमच्या शरीराची स्वतःची पहिली पाळी म्हणजे ती ४६व्या दिवशीची. नियमितता बिघडली असे तुम्ही लिहिले आहे, पण ज्या नियमिततेशी तुम्ही तुलना करत आहात ती औषधाने आणलेली होती. तुलना करायची तर गोळी सुरू करण्याआधीच्या चक्राशी करावी. ते तुमचे ३० ते ३२ दिवसांचे होते, असे तुमच्या पत्रात एका ओळीत आले आहे आणि ती ओळ माझ्या दृष्टीने एएमएचच्या अहवालापेक्षा महत्त्वाची आहे.

गोळीतली संप्रेरके शरीरातून जायला फार वेळ लागत नाही. आठवड्याभरात त्यांचा रक्तातला अंश नगण्य होतो. यकृत ते काम रोजच करते, त्यामुळे ‘डिटॉक्स’च्या नावाने विकले जाणारे काढे आणि पावडरी घेण्याचे काहीही प्रयोजन नाही. उलट ज्यांच्या वेष्टनावर घटक लिहिलेले नसतात अशा पुड्यांमध्ये शिसे सापडल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत, आणि गर्भधारणेच्या तोंडावर शिसे पोटात जाणे अजिबात परवडणारे नाही. संप्रेरके निघून गेल्यावर हायपोथॅलॅमसचे ठोके पुन्हा सुरू होतात आणि काही स्त्रियांमध्ये तर दोन आठवड्यांतच बीजमोचन होते. म्हणूनच ज्यांना गोळी बंद करायची आहे पण मूल नको आहे, त्यांनी ‘काही महिने तरी धोका नाही’ या समजुतीवर विसंबू नये. पाळी यायच्या आधीच दिवस राहिल्याची उदाहरणे आमच्याकडे येतात.

दुसऱ्या बाजूला काही जणींमध्ये ही घडी बसायला वेळ लागतो. पहिली काही चक्रे लांबतात, बीजमोचन उशिरा होते किंवा एखाद्या चक्रात होतच नाही, आणि बीजमोचनानंतरचा काळ थोडा आखूड राहतो. बहुतेकींचे चक्र तीन महिन्यांत रुळावर येते, काहींना सहा ते नऊ महिने लागतात. युरोपात गोळी बंद केलेल्या स्त्रियांचा जो मोठा पाठपुरावा झाला त्यात सुमारे २१ टक्के स्त्रियांना पहिल्याच चक्रात दिवस राहिले आणि वर्षभरात सुमारे ७९ टक्के स्त्रियांना. गोळी कधीच न घेतलेल्या जोडप्यांमध्येही वर्षाअखेरचे चित्र साधारण असेच असते. गोळी किती वर्षे घेतली याने या आकड्यांत महत्त्वाचा फरक पडलेला दिसला नाही. फरक पडतो तो वयाने. २७व्या वर्षी सुरू केलेली गोळी ३२व्या वर्षी थांबवली तर शरीर ३२व्या वर्षाच्या गतीने चालणार आणि त्याचा हिशेब गोळीच्या नावावर लिहिता येत नाही.

आता तुमच्या पत्रातल्या चांगल्या बातमीकडे येतो. मागच्या चक्रात साधारण तिसाव्या दिवसाच्या सुमारास तीन दिवस अंगावरून पारदर्शक, तार सुटेल असा चिकट स्राव गेला, त्यातच एक दिवस ओटीपोटात उजवीकडे बारीक दुखले आणि जंतुसंसर्ग समजून तुम्ही दुकानातून योनीमार्गात ठेवायच्या गोळ्या आणून वापरल्या, असे तुम्ही लिहिले आहे. खाज, आग, दुर्गंधी किंवा दह्यासारखा रंग यांपैकी काहीच नव्हते. हा आजार नाही. बीजमोचनाच्या आधी इस्ट्रोजेन वाढले की गर्भाशयाच्या मुखाजवळचा स्राव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा होतो, दोन बोटांत धरून ताणला तर तुटत नाही, आणि शुक्रजंतूंना वर जाण्यासाठी हीच वाट हवी असते. साडेचार वर्षे गोळीने हा स्राव घट्ट ठेवल्यामुळे तुम्हाला त्याचा विसर पडला होता. अशा स्त्रिया माझ्याकडे नेहमी ‘पांढरे जाते’ म्हणून येतात, आणि तपासणीनंतर त्यांच्या हातात औषधाची चिठ्ठी न देता कॅलेंडर दिले तर त्यांना ते खरे वाटत नाही.

थोडे गणित करून पाहा. बीजमोचनापासून पुढच्या पाळीपर्यंतचा काळ बहुतेकींमध्ये १२ ते १४ दिवसांचा असतो आणि तो फारसा बदलत नाही. लांबतो तो त्याआधीचा काळ. ४६मधून १४ वजा केले तर ३२ उरतात. तुम्हाला ३०व्या दिवसाच्या सुमारास स्राव दिसला आणि ओटीपोटात दुखले, तेव्हा त्या चक्रात ३२व्या दिवसाच्या आसपास बीजमोचन झाले असावे असे मानायला चांगला आधार आहे. पिशवी कोरडी पडल्याच्या शंकेचेही उत्तर यातच आहे. गोळीवर असताना अस्तर पातळ होते हे खरे, पण ४६व्या दिवशी तुम्हाला चार दिवस व्यवस्थित रक्तस्राव झाला याचा अर्थ अस्तर पुन्हा तयार झाले होते. सासूबाईंना हे सांगताना त्यांची समजूत हास्यास्पद ठरवू नका. त्यांच्या तरुणपणी आलेल्या गोळ्यांमध्ये संप्रेरकांची मात्रा आजच्यापेक्षा बरीच जास्त असे, त्रासही जास्त होई, आणि त्या अनुभवातून अशा समजुती घरोघरी रुजल्या आहेत.

याच गणिताने गर्भचाचणीचाही उलगडा होतो. या चक्रातही बीजमोचन ३०व्या-३२व्या दिवशी झाले असेल, तर ३६व्या दिवशी गर्भ गर्भाशयात रुजलेलासुद्धा नसणार आणि चाचणी निगेटिव्हच येणार. ती चाचणी चुकीची नव्हती, वेळेआधी होती. पाळी आली नाही तर ४६व्या दिवसानंतर सकाळच्या पहिल्या लघवीवर ती पुन्हा करा. बीजमोचन झाले का हे पाहणारी ‘एकविसाव्या दिवसाची’ प्रोजेस्टेरॉन चाचणीसुद्धा याच कारणाने लांब चक्रात दिशाभूल करते. तो २१वा दिवस २८ दिवसांच्या चक्रासाठी ठरलेला आहे. ४६ दिवसांच्या चक्रात ती ३९व्या दिवसाच्या आसपास व्हायला हवी, नाहीतर ‘बीज तयारच होत नाही’ असा शेरा विनाकारण कपाळी येतो.

तुम्ही जाऊबाईंचे उदाहरण दिले आहे. त्यांना गर्भनिरोधक बंद केल्यावर जवळजवळ वर्षभर दिवस राहिले नाहीत, आणि तुमचेही तसेच होईल अशी तुम्हाला भीती आहे. पण त्यांनी घेतले होते ते अंतरा इंजेक्शन, आणि त्याची गोष्ट वेगळी आहे. अंतरामध्ये १५० मिलिग्रॅम मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन स्नायूत साठवले जाते आणि तिथून ते सावकाश रक्तात उतरते. दर तीन महिन्यांनी पुढचे इंजेक्शन द्यायचे असले तरी शेवटच्या इंजेक्शनचा अंश त्यानंतरही बराच काळ राहतो. शेवटच्या इंजेक्शनपासून दिवस राहीपर्यंतचा सरासरी काळ सुमारे दहा महिन्यांचा आहे, आणि दीड वर्षात ९० टक्क्यांहून अधिक स्त्रियांना दिवस राहतात. हा विलंब आहे, वंध्यत्व नव्हे, पण हे इंजेक्शन देण्याआधीच सांगितले गेले पाहिजे. वर्षभरात मूल हवे असणाऱ्या स्त्रीला मी अंतरा सुचवत नाही. या इंजेक्शनने हाडांची घनताही थोडी कमी होते आणि ते थांबवल्यावर ती बऱ्याच अंशी भरून येते. बाकी साधनांचे थोडक्यात सांगतो. संप्रेरक असलेली तांबी काढल्यावर चक्र लगेचच पूर्वपदावर येते, कारण तिच्यावर असतानाही अनेकींमध्ये बीजमोचन चालूच असते. दंडात बसवायची कांडी काढल्यावर आठवड्याभरात औषध रक्तात सापडेनासे होते. साध्या तांबीत संप्रेरकच नसते. आठवड्यातून एकदा घ्यायची छाया गोळीही या अर्थाने संप्रेरकाची नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेले ते वेगळ्या जातीचे औषध आहे आणि ते चालू असताना चक्र लांबणे हा त्याचा नेहमीचा परिणाम आहे.

मुरुमे आणि केस यांविषयी. गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे यकृत एसएचबीजी नावाचे प्रथिन जास्त प्रमाणात तयार करते आणि ते रक्तातल्या पुरुषी संप्रेरकांना धरून ठेवते. गोळी बंद झाली की हे प्रथिन खाली येते, मोकळे टेस्टोस्टेरॉन वाढते, तैलग्रंथी पुन्हा कामाला लागतात आणि तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान मुरुमांचा जोर सर्वांत जास्त जाणवतो. कॉलेजात असताना तुम्हाला मुरुमे होती का, हे आठवून पाहा, बहुधा होती. यावर त्वचारोगतज्ज्ञांकडे जाणार असाल तर मूल हवे असल्याचे पहिल्या वाक्यात सांगा, कारण आयसोट्रेटिनॉइन हे मुरुमांवरचे परिणामकारक औषध गर्भात गंभीर व्यंगे निर्माण करते आणि लावण्याची रेटिनॉइड मलमेही या काळात टाळतात. केसांचे म्हणाल तर संप्रेरकांत अचानक बदल झाला की बरेचसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात, बाळंतपणानंतर गळतात तसेच. नवे केस उगवत असतात आणि साधारण सहा महिन्यांत गळती ओसरते. तोपर्यंत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घेणे मात्र योग्य, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आहे आणि गोळीमुळे कमी झालेला रक्तस्राव आता पुन्हा वाढणार आहे.

आता दुखण्याविषयी. तुम्ही लिहिता की गोळीवर असताना पाळी बिनत्रासाची होती आणि गोळी सोडल्यावर दुखणे सुरू झाले, म्हणजे गोळीने काहीतरी बिघडवले. पण त्याच पत्रात पुढे असे आहे की बारावीपासून पाळीच्या पहिल्या दोन दिवशी कॉलेज बुडत असे, उलट्या होत आणि एकदा सलाइन लावावे लागले होते. हे दुखणे गोळीने निर्माण केलेले नाही, गोळीने साडेचार वर्षे झाकून ठेवलेले आहे. अस्तर पातळ राहिले की वेदना निर्माण करणारी प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये कमी तयार होतात, म्हणून तेवढा काळ तुम्हाला आराम होता. किशोरवयापासूनचे, रोजचे काम बंद पाडणारे दुखणे ‘बायकांना दुखतेच’ म्हणून सोडून देण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि त्यापायी एंडोमेट्रिओसिस ओळखायला कित्येक वर्षे जातात. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बीजकोशावर किंवा पोटाच्या आतल्या आवरणावर वाढते, आणि त्याचा गर्भधारणेवर परिणाम होऊ शकतो. तुम्हाला तो आहेच असे मी म्हणत नाही. पण संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखते का, पाळीत शौचाला जाताना दुखते का, याची उत्तरे घेऊन, हाताने तपासून, योनीमार्गातून सोनोग्राफी करून घेणे हे तुमच्या बाबतीत वर्षभर थांबून करण्याचे काम नाही. लवकर करा. सोनोग्राफी साफ आली तरी हा आजार नाही असे ठामपणे म्हणता येत नाही, हेही लक्षात ठेवा. तोवर दुखण्यासाठी मेफेनॅमिक अॅसिडसारखी गोळी पाळीच्या दिवसांत घ्यायला हरकत नाही. चक्राच्या मध्यावर मात्र ती टाळा, कारण या गटातल्या औषधांनी बीज फुटून बाहेर पडण्यात अडथळा येऊ शकतो.

गोळी सोडल्यावर पाळी अनियमित झाली म्हणून येणाऱ्या स्त्रियांमध्ये सर्वांत मोठा गट पीसीओएसचा असतो (बीजमोचन अनियमित होऊन पाळी लांबण्याचा हा विकार, त्यालाच पीसीओडीही म्हणतात), आणि तुमची हकीकत त्यात बसत नसली तरी त्यांच्याविषयी थोडे लिहितो, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. विशीतल्या मुलीची पाळी दोन-दोन महिने येत नाही, तिला सहा महिने ‘हार्मोनच्या गोळ्या’ दिल्या जातात, महिन्याच्या महिन्याला रक्तस्राव होतो, घरचे म्हणतात पीसीओडी बरा झाला. गोळ्या थांबतात आणि पाळी पुन्हा लांबते, तेव्हा ‘गोळ्यांची सवय लागली’ असा निष्कर्ष निघतो. सवय लागलेली नसते. मूळचा कल तसाच होता, गोळ्यांनी तो दिसू दिला नव्हता. अशा मुलीला गोळ्या का दिल्या हे देणाऱ्याने सांगितलेले नसते. पाळी महिनोन्‌महिने न आल्यास अस्तर जाड होत राहते आणि ते सुरक्षित ठेवणे हा त्यांचा खरा हेतू असतो. मूल हवे असेल तेव्हा वजन जास्त असल्यास पाच ते दहा टक्क्यांनी कमी केल्याने अनेकींमध्ये बीजमोचन आपोआप सुरू होते आणि न झाल्यास लेट्रोझोलसारखे औषध चांगले काम करते. पीसीओएसचे निदान गोळी चालू असताना किंवा ती थांबवून तीन महिने होण्याआधी करू नये, कारण त्या काळात सोनोग्राफी आणि रक्ततपासण्या खरे चित्र दाखवत नाहीत.

एएमएचचे नेमके हेच झाले आहे. हे संप्रेरक बीजकोशातल्या लहान बीजपुटकांमधून येते, गोळीमुळे ती पुटके झोपल्यासारखी असतात आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. गोळी थांबवल्यावर तो वर यायला काही महिने लागतात. तिसऱ्या आठवड्यातल्या आकड्यावरून आयव्हीएफचा निर्णय देणे मला मान्य नाही, मग तो कोणीही दिलेला असो. शिवाय एएमएच सांगते ते उत्तेजक इंजेक्शने दिल्यावर किती बीजे मिळतील याविषयी. घरच्या घरी दिवस राहतील की नाही याविषयी ते फारसे काही सांगत नाही. अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या स्त्रियांवर झालेला आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याच प्रश्नाचा होता आणि कमी एएमएच असलेल्या स्त्रियांना नैसर्गिक गर्भधारणा होण्याची शक्यता त्यात कमी आढळली नाही. आणखी दोन-तीन महिन्यांनी, हवीच असेल तर, ती चाचणी पुन्हा करता येईल.

काही बदल जाणवत नाहीत पण असतात. इस्ट्रोजेनमुळे रक्तात गुठळी होण्याचा वाढलेला धोका गोळी थांबवल्यावर काही आठवड्यांत उतरतो. ‘शरीराला विश्रांती’ म्हणून दर वर्षी दोन महिने गोळी सोडायची आणि पुन्हा सुरू करायची, ही पद्धत म्हणूनच चुकीची आहे. गुठळीचा धोका सुरुवातीच्या काही महिन्यांत सर्वांत जास्त असतो आणि मोठ्या खंडानंतर पुन्हा सुरू केल्यास ती सुरुवात नव्याने होते. शिवाय याच विश्रांतीत नको असलेली गर्भधारणा होते. स्तनाच्या कर्करोगाचा किंचित वाढलेला धोका पुढच्या दहा वर्षांत मावळतो, तर बीजकोश आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगापासून मिळालेले संरक्षण अनेक वर्षे टिकते. थायरॉइड कमी असल्याने थायरॉक्सिन घेणाऱ्या स्त्रीने गर्भनिरोधक गोळी थांबवल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी करावी, कारण औषधाची गरज कमी झालेली असू शकते. अपस्मारासाठी लॅमोट्रिजिन घेणाऱ्या स्त्रीने गोळी थांबवण्याआधीच आपल्या डॉक्टरांना सांगावे; गोळी थांबली की त्या औषधाची रक्तातली पातळी बरीच वाढते. वजनाबद्दल तुम्ही विचारले आहे. संयुक्त गोळीने वजन लक्षणीय वाढते असा पुरावा नाही, त्यामुळे ती सोडल्याने ते उतरेल अशी अपेक्षा ठेवू नका. साठलेले थोडे पाणी जाईल इतकेच.

पुढे काय करायचे ते आता सांगतो. फोलिक अॅसिड अजून सुरू केले नसेल तर आजपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्या. गोळी थांबवल्यावर लगेच दिवस राहिले तर गर्भाला धोका असतो ही समजूत खोटी आहे, पण बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत मिटते आणि तेव्हा बहुतेकींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते, म्हणून हे औषध आधीपासून हवे. रुबेलाची प्रतिकारशक्ती तपासून घ्या. नसेल तर लस घ्यावी लागेल आणि लसीनंतर महिनाभर गर्भधारणा टाळावी लागेल, तेव्हा हे आधी उरका. तारखांबरोबर त्या चिकट स्रावाचीही नोंद ठेवा आणि तो दिसू लागला की एक दिवसाआड संबंध ठेवा. बीज एखादाच दिवस टिकते, शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत टिकतात, त्यामुळे बीजमोचनाआधीचे दिवस जास्त मोलाचे आहेत. १२ ते १६ दिवसांवर नजर ठेवण्याचा सल्ला तुम्हाला मिळाला आहे, पण तुमच्या सध्याच्या चक्रात त्या दिवसांचा उपयोग नाही.

शेवटच्या पाळीपासून ९० दिवस झाले आणि गर्भचाचणी निगेटिव्हच असेल, तर प्रोलॅक्टिन, एफएसएच, इस्ट्रॅडिऑल या तपासण्या आणि सोनोग्राफी करून घ्या. त्याआधी पाळी ‘आणण्यासाठी’ गोळ्या घेऊ नका, त्यांनी चित्र पुन्हा झाकले जाते. पाळी येत राहिली आणि दुखण्याच्या तपासणीत काही निघाले नाही, तर ३२व्या वर्षी नियमित संबंध ठेवून एक वर्ष वाट पाहणे वैद्यकीयदृष्ट्या रास्त आहे. ३५ नंतर ही मुदत सहा महिन्यांची धरतात. तुमच्या पत्राबरोबर तपासण्यांचे सात कागद आहेत आणि सगळे तुमच्या नावाचे आहेत. तुमच्या यजमानांची वीर्यतपासणी झालेली दिसत नाही. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता द्यायचा एक नमुना, इतकेच ते काम आहे. तुमच्यावर आणखी कोणतीही खर्चिक किंवा त्रासदायक तपासणी होण्याआधी ते करून अहवाल बरोबर आणा.